प्रेशर बरोबर आहे

४ फेब्रुवारी

शुद्धलेखनाबद्दल माफी. कोणाकडे मागतेय माहीत नाही, कारण हे कोणी वाचणार नाही, पण मागून ठेवते. शाळा नववीत सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याच्याही आधी सुटलं होतं. फोन मधूनमधून स्वतःच शब्द सुधारतो. म्हणजे बरोबर असेल ते फोनचं आणि चुकेल ते माझं. टायपिंग एका बोटाने चालतं. एवढं लिहीपर्यंत चहा गार झाला.

लिहायला आत्याने लावलं. म्हणाली, "तोंडाला कुलूप आहे तर निदान बोटाने बोल. नाहीतर एक दिवस फुटशील आणि पुसायला मलाच यावं लागेल."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिची लॉन्ड्री आहे. खाली लॉन्ड्री, वर दोन खोल्या, त्यात ती आणि मी. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, टेबलावरची कापडं, सगळं येतं. मी तोंडी परीक्षेला उभी राहिले की घशातून आवाज यायचा नाही. सर म्हणायचे, बोल, आणि मी बुटांकडे बघायची. शेवटी जायचंच बंद केलं. मग आई-बाबा आणि मोठा भाऊ यांच्या घरात मला जागा राहिली नाही, तेव्हा आत्याने इथे आणलं. चादरींना काही विचारायचं नसतं, म्हणून इथे बरं आहे. आत्या मला गप्पी म्हणते. लॉन्ड्रीत तिसरे इस्त्रीकाका. ते वाफेच्या प्रेसवर असतात आणि माझ्या वाटचंही बोलतात.

७ फेब्रुवारी

आत्याचं डोकं उठलं. तिला अर्धशिशी आहे. मी पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं काहीतरी अर्धी बाटली पितात. आत्या हसली होती. आज हसली नाही.

आधी तिला डाव्या डोळ्यात वेड्यावाकड्या चमकत्या रेघा दिसतात. मग अर्धं डोकं धरतं, मग साबणाच्या पावडरीचा वासही सहन होत नाही. लॉन्ड्रीवालीला साबणाचा वास सहन होत नाही, म्हणजे काय करायचं. ती वर जाऊन अंधार करून पडते. पाण्यात टाकली की फुसफुसते ती दुखण्यावरची गोळी पिते. "एवढं पिऊन मी सोड्याची बाटली झालेय," म्हणते.

तिला बीपीपण आहे. त्याची एक बारीक गोळी ती रोज सकाळी चहाबरोबर घेते. बीपीचे डॉक्टर वेगळे, बसने जावं लागतं. डोक्याला अजून कोणी डॉक्टर नाही.

ती वर पडली की बॉयलर मी बघते. मागच्या खोलीत बॉयलर आहे, त्यावर काट्याचं घड्याळ असतं तसं मीटर. काका प्रेसवरून ओरडतात, "प्रेशर?" आणि काटा बघून ओरडायचं, "बरोबर आहे." कमी झालं तर चादर ओली राहते. दिवसभर हेच चालतं. आत्याची सवय अशी आहे की काका म्हणतात हिला झोपेत विचारलं तरी बरोबर आहे म्हणेल. मला ओरडता येत नाही, म्हणून मी धावत जाऊन मान हलवते. काका म्हणाले, "हे बरं आहे, तुझा व्यायाम होतो आणि माझी करमणूक."

१२ फेब्रुवारी

परवापासून डोकं उतरत नव्हतं. उलट्या पण. आज सकाळी कशीबशी बॉयलर लावून आली आणि पुन्हा आडवी झाली. काकांनी कुठून तरी डोक्याच्या डॉक्टरांचा नंबर आणला, ते फोनवर बघतात. म्हणजे बघत नाहीत, ऐकतात.

मी फोन आत्याच्या कानाजवळ धरून बसले होते. उशी डोळ्यांवर, आवाज उशीतून येत होता. डॉक्टर भराभर विचारत होते. किती वर्षं, कुठल्या बाजूला, उजेडाचा त्रास होतो का, पोटात अल्सर वगैरे. मग म्हणाले, "प्रेशर कसं आहे?"

आत्या म्हणाली, "बरोबर आहे. सकाळीच पाहिलं."

"छान. हार्टचं काही?"

"नाही."

मग त्यांनी अर्धशिशीची खास गोळी सांगितली. ही साध्या गोळीसारखी नाही म्हणे, रेघा संपून डोकं चढायला लागलं की लगेच घ्यायची. चिठ्ठी फोनवरच आली. मी मेडिकलमध्ये जाऊन फोन पुढे केला, तिथल्या म्हाताऱ्या माणसाने गोळ्या दिल्या. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. चांगला दिवस.

१६ फेब्रुवारी

चमत्कार. दुसऱ्या कुठल्याही शब्दाला इतका वेळ लागला नसता टाइप करायला, पण हाच पाहिजे.

सकाळी रेघा आल्या, आत्याने नवी गोळी घेतली आणि दुपारी खाली येऊन स्वतः चादरी झटकायला लागली. काका म्हणाले, "कोण ही बाई, ओळखीची वाटते." आत्या म्हणाली, "मालकीण. तुमचा चहा बंद करायला आलेय."

फक्त गोळी घेतल्यावर थोडा वेळ छातीवर मांजर बसल्यासारखं वाटतं म्हणाली. जड. मग ते मांजर उठून जातं. आम्ही त्यावर हसलो.

आत्या सावध पण आहे. ज्या दिवशी डोक्याची गोळी घेते त्या दिवशी बीपीची घेत नाही. "दोन्ही एका पोटात नकोत, भांडत बसतील," म्हणते. मला हे सुचलंही नसतं.

२४ फेब्रुवारी

हॉटेलात कसलीतरी परिषद आहे, चादरींचे डोंगर येतायत. काम खूप म्हणून लिहिलं नाही. आता डोकं दुखलं तरी काम थांबत नाही, कारण गोळी आहे. सुरुवातीला एकदाच घेतली, आता जवळजवळ रोज. सकाळची बारीक गोळी त्यामुळे बऱ्याचदा राहते. पाकिटात तशाच भरलेल्या दिसतात.

काका म्हणाले, "मालकीणबाई, मान लाल झालीय तुमची." आत्या म्हणाली, "वाफेने. तुमची तर काळी झालीय, मी बोलले का?"

पण ती थकलीय. जिना चढताना मधेच थांबते आणि कठड्याकडे असं बघते की जणू तिथे काही लिहिलंय. आज घडी घालताना तिच्या हातातून चादरीचं टोक दोनदा निसटलं. हाताला मुंग्या आल्या म्हणाली. मी दोन्ही टोकं धरायला शिकले आहे, त्यामुळे काही अडलं नाही.

मीही थकलेय. अंगाला वाफेचा वास येतो, केस धुतले तरी.

३ मार्च

हे सगळं लिहायला कदाचित रात्र होईल म्हणून आत्ताच बसले. आत्या माझ्याशी बोलत नाहीये.

गोळ्या संपत आल्या, एकच राहिली. म्हणून मेडिकलमध्ये गेले. नेहमीचा म्हातारा नव्हता. एक चष्मेवाली ताई होती, केस वर बांधलेले. मी फोन पुढे केला. तिने वाचलं आणि मला विचारलं, "कोणासाठी?"

मी बुटांकडे बघितलं. मागे रांग होती.

"वय काय त्यांचं? इतक्या लवकर परत? बीपी आहे का त्यांना?"

मी काउंटरला धरून उभी राहिले. सर आठवले. मग माझ्या तोंडातून आलं, "आहे."

ती म्हणाली, "किती आहे? औषध चालू आहे?"

"आहे. रोज नाही घेत. ही घेते त्या दिवशी ती नाही घेत. भांडतात म्हणून."

रांगेतला एक माणूस हसला. ती नाही हसली. तिने मला काउंटरच्या कडेला बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "ही घेतल्यावर काही होतं का?"

"छातीवर मांजर बसतं."

मला वाटलं आता तरी हसेल. तिने चष्मा काढला. म्हणाली, ही गोळी नसा आवळते. डोक्यातल्या आवळते म्हणून दुखणं थांबतं, पण फक्त डोक्यातल्याच आवळायच्या हे तिला कळत नाही. बीपी ताब्यात नसेल तर ही घ्यायचीच नाही, हृदयावर जाऊ शकतं, मेंदूवर जाऊ शकतं. मग मुंग्यांचंही मी सांगितलं. ती म्हणाली, "मी आज ही देणार नाही. जी शिल्लक आहे तीही घेऊ देऊ नकोस. त्यांना उद्याच्या उद्या बीपीच्या डॉक्टरांकडे ने, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून. आणि छातीत पुन्हा असं झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातात जोर राहिला नाही, तर डॉक्टरांची वाट बघायची नाही. ॲम्ब्युलन्स."

फुसफुसणाऱ्या गोळीचं पण विचारलं तिने. त्यात मीठ असतं म्हणे, चवीला नाही लागत पण असतं, आणि बीपीवाल्याने ते रोज रोज पिऊ नये. मला हे खरं वाटेना. मग तिने पाकिटावरची बारीक अक्षरं दाखवली.

माझ्या पोटात गोळा आला. गोळी आणायला गेले आणि गोळा घेऊन आले, असं काका म्हणाले असते, पण मी त्यांना सांगितलं नाही.

आत्याला सांगितलं. ती भडकली. "घरात दोन शब्द बोलायची मारामार, आणि परक्या बाईपुढे माझं सगळं गाऊन आलीस? ती डॉक्टर आहे का? डॉक्टरांनी दिलीय. प्रेशर विचारून दिलीय." आणि मग, "इतक्या वर्षांत एकच गोष्ट मिळाली मला उभं करणारी. एकच. ती तू नको म्हणायला लागलीस."

मी चादरी मोजायला घेतल्या. माझं सगळं बोलणं त्या दुकानातच संपलं होतं.

५ मार्च

काल आत्या गेली नाही डॉक्टरांकडे. चादरी आहेत म्हणाली. आजही नाही. बीपीची गोळी मात्र दोन्ही दिवस तिने माझ्यासमोर घेतली, जीभ काढून दाखवली पण. "बघ, शाळेच्या बाई."

मला कळत नाही माझं चुकलं का. मेडिकलवाली माणसं घाबरवतात असं आत्या म्हणते. पण ती घाबरवत नव्हती, ती हळू बोलत होती. माणूस खोटं बोलताना हळू बोलत नसावा. किंवा बोलतही असेल, मला माणसांचं फार माहीत नाही.

दुपारी मी बॉयलरच्या खोलीत काकांना सांगितलं. सगळं. मांजर, मुंग्या, नसा आवळणं. सांगताना मी मीटरकडे बघत होते. काकांनी मधे एकही विनोद केला नाही. त्यांना असं पहिल्यांदा बघितलं. मग बाहेर गेले आणि आत्याला म्हणाले, "उद्या प्रेस बंद."

"का? कुठे आग लागलीय?"

"तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत मी वाफ सोडणार नाही."

"मग हॉटेलवाल्याला काय सांगू?"

"सांगा, इस्त्रीवाला डोक्यावर पडलाय. त्यांना पटेल."

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "आता गावभर कर." पण बसची वेळ विचारली.

६ मार्च

जाऊन आलो.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. आकडा बोलले नाहीत. आत्याला पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं, पाय जमिनीवर, पाठ टेकून. पुन्हा बांधला. मग दुसऱ्या हाताला बांधला. मला आकड्यातलं कळत नाही, पण तिसऱ्या वेळेला डॉक्टरांनी दार लावून घेतलं ते कळलं. छातीला वायरी लावून हृदयाचा कागद काढला. त्यात काही वाईट नाही निघालं. मुंग्यांसाठी त्यांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, डोळे मिटायला लावले, हसून दाखवायला सांगितलं. आत्या म्हणाली, "हसण्यासारखं काय आहे?" पण हसली, सरळ हसली.

मग ते अर्धशिशीच्या गोळीचं पाकीट हातात घेऊन म्हणाले, "ही कोणी दिली? त्यांनी प्रेशर विचारलं नाही?"

"विचारलं ना," आत्या म्हणाली. "मी सांगितलं, बरोबर आहे, सकाळीच पाहिलं."

"कुठे पाहिलं?"

आत्याने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "बॉयलरवर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मीही तेव्हाच समजले. मी तर फोन धरून बसले होते, माझ्या कानादेखत झालं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे कोणी प्रेशर विचारलं तर दुसरं काय सांगणार.

डॉक्टर रागावले नाहीत, उलट बसल्या जागी थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "बाई, यापुढे बीपी म्हणा. प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक दुकानात, कोणी विचारलं नाही तरी. मला बीपी आहे, मी ही ही औषधं घेते."

ती खास गोळी बंद. बीपीची बदलून दिली, ही नवी अर्धशिशी येण्यालाही आवर घालते म्हणे, एकाच गोळीत दोन्ही कामं, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातील आणि एक दिवसही चुकवायची नाही, मनाने बंदही करायची नाही. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, फुसफुसणारी नाही, आणि तीही सुरुवातीलाच घ्यायची. रोज रोज नाही, नाहीतर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. दुकानातून दुसरी कुठलीही दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय नाही, त्यातल्या बऱ्याच बीपी चढवतात. हे सगळं मी आत्ता लिहितेय कारण आत्या अर्ध्यातूनच ऐकायची बंद झाली होती. ती फक्त त्या पाकिटाकडे बघत होती.

बसमध्ये म्हणाली, "म्हणजे आता पुन्हा अंधार करून पडायचं."

मी म्हणाले, "हो."

"तू दोन दिवसांत फार बोलायला लागलीस," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

१४ मार्च

आज डोकं उठलं. नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदाच, आणि मोठं.

पॅरासिटामॉल दिली, ती उलटीत गेली. मी पडदे लावले, त्यावर दोन जाड चादरी टांगल्या. बादली, ओला टॉवेल. खाली काकांना सांगितलं, ते प्रेशर विचारायला ओरडले नाहीत, दर वेळी स्वतः मागे जाऊन बघत होते.

खास गोळ्यांमधली उरलेली एक आत्याने टाकली नव्हती. "असू दे, आठवण म्हणून," म्हणाली होती आणि पावडरच्या डब्यात ठेवली होती. मी ती डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी काढून माझ्याकडे ठेवली. सांगितलं नव्हतं. आज तिने डबा चाचपला.

"गप्पी, दे."

मी टॉवेल पिळत राहिले.

"एकच आहे. एका गोळीने काही होत नाही. इतक्या घेतल्या, मेले का?"

मी नाही म्हणाले.

मग ती रडली. आत्या रडताना मी कधी बघितलं नव्हतं. रडल्यावर डोकं अजून दुखतं, म्हणून ती रडायची थांबायला बघत होती आणि थांबता येत नव्हतं. म्हणाली, "तुला कोणी ठेवून घेत नव्हतं तेव्हा मी ठेवून घेतलं. माझ्याच घरात माझी गोळी लपवतेस? उद्या जा तुझ्या बापाकडे."

मी उठून मोरीत गेले, गोळी पाकिटातून काढली आणि पाणी सोडलं. कारण अजून एकदा मागितली असती तर मी दिली असती. हे खरं आहे. मी धीट वगैरे नाही, मला फक्त स्वतःचा भरवसा नव्हता.

परत येऊन म्हणाले, "गेली."

तिने शिवी दिली. इथे लिहीत नाही, फोनलाही ती येत नाही. मग भिंतीकडे वळली. मी टॉवेल बदलत राहिले. तोंड वाकडं होतंय का, बोलणं अडखळतंय का, हे बघायला मधेच काहीतरी विचारायची, पाणी देऊ का, पाय दाबू का. ती नको म्हणायची, स्पष्ट म्हणायची, आणि माझा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा. संध्याकाळपर्यंत असंच. मग झोप लागली तिला.

पिशवी भरून ठेवली आहे, उद्या जायला सांगितलं तर. त्या गोळीने ती तासाभरात उठली असती. मी तिला दिवसभर दुखू दिलं. बरोबर केलं असं सगळे म्हणतील, पण सगळे त्या खोलीत नव्हते.

१५ मार्च

जायला सांगितलं नाही. सकाळी खाली आली, पांढरीफटक, पिशवी बघितली आणि म्हणाली, "ही धुवायला आहे का? मग मशीनमध्ये टाक की." कपडे बाहेर काढले.

९ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. चादरी. डोकं मधे दोनदा दुखलं, एकदा बरंच, एकदा पॅरासिटामॉलवर निभावलं. आत्या रोज गोळी घेते. तिला ती आवडत नाही, त्या गोळीने सुस्ती येते म्हणते. जिन्यात अजून थांबते, पण आता मीही थांबते, मला पण दम लागतो.

आज डॉक्टरांनी पट्टा एकदाच बांधला. "येतंय खाली," म्हणाले. अजून यायला पाहिजे, पण येतंय.

बाहेर पायऱ्यांवर बसलो, बसला वेळ होता. आत्या म्हणाली, "ती गोळी खरंच मोरीत टाकलीस?"

"हो."

मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. चांगलं केलंस, किंवा वाईट केलंस. तिने बूट काढून घोट्याजवळ खाजवलं. म्हणाली, "असं पाण्यात नसतं टाकायचं. दुकानात परत द्यायची, ते बघतात काय करायचं ते. पाणी शेवटी फिरून आपल्याच मशीनमध्ये येतं."

"बरं."

"आणि आत बसलो होतो तेव्हा त्या शेजारच्या बाईला काय सांगत होतीस इतका वेळ?"

"त्यांनापण अर्धशिशी आहे. बीपी तपासलंय का विचारलं."

आत्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, दुखरी बाजू वर ठेवून, आणि बस येईपर्यंत तशीच बसली. जड असतं माणसाचं डोकं. खांदा अवघडला तरी मी हलले नाही.

आत्ता आईचा फोन आला. माझ्या मोठ्या भावाला जहाजावर नोकरी लागली, सोमवारी निघतोय. त्याला पोहता येत नाही, हे कोणी विचारलं नसलं तरी सांग म्हणून मी त्याला फोन करणार आहे.